टेबलाखालचा पत्रा

बाईंनी टेबलाखाली हात घातला तेव्हा मला वाटलं, त्यांचं काहीतरी पडलं असेल. चष्म्याचं घर, रुमाल, असं काहीतरी. माझ्या गाडीत चढलेल्या प्रत्येकाचं काहीतरी पडतंच. लष्करी वायरलेसच्या गाडीची खोली ती केवढी. दोघं आत शिरले की तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं. मी शोधायला वाकलोसुद्धा. पण बाई खाली बघतच नव्हत्या. त्या ऑपरेटरच्या स्टुलावर ताठ बसून समोरच्या सेटच्या तबकडीकडे बघत होत्या, आणि त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेखालून आत जाऊन भिंतीच्या पत्र्यावर फिरत होता. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, पाठ सरळ. बोटं एकदा पुढे गेली, मागे आली, जरा खाली सरकली, परत पुढे गेली. बाहेर लोक चाकांचे फोटो काढत होते, आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा कर्णा कुणाची तरी हरवलेली छत्री जाहीर करत होता. बाईंनी हात बाहेर काढला, बोटांच्या टोकांकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "इथलं कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं?"

"इथे रेघा होत्या. खिळ्याने ओढलेल्या. खूप होत्या."

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते माझ्याकडे तयार असतं: ह्या गाडीतला एकूण एक स्क्रू मूळचा आहे, रंगाची छटा कारखान्याच्या पुस्तकाबरहुकूम आहे, व्हॉल्व्ह अजून तापतात आणि सेट अजून बोलतो. ते उत्तर घशातच राहिलं. कारण रेघा होत्या. मला त्या आठवल्या, म्हणजे डोळ्यांना नाही, उजव्या अंगठ्याला आठवल्या. सात वर्षांपूर्वी ही गाडी मला एका रोपवाटिकेच्या मागे सापडली. मालकाने तिच्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. मी ती कोंबड्यांसकट घेतली नाही एवढंच. बाकी त्यांनी मागे ठेवलेलं सगळं माझ्याच वाट्याला आलं. पहिला महिना नुसता खरवडण्यात गेला. मग एके दुपारी टेबलाखालचा पत्रा हाती लागला. अ‍ॅल्युमिनियमचा, मऊ जातीचा. अंगठा फिरवला तर ओरखडेच ओरखडे. वरचा भाग बरा होता, तिथे मी पुट्टी भरली. खालच्या भागाला पांढरा खार धरून पत्रा खडबडीत झाला होता, तिथे ग्राइंडर लावला. हे ओरखडे कसले, असं मला विचारावंसं वाटलं नाही. असेल एखादा कंटाळलेला शिपाई. बसल्या जागी माणूस काय काय करतो. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि संध्याकाळी तो पत्रा असा झाला की त्यात बघून दाढी करून घ्यावी. मी शीळ घालत घरी गेलो होतो, हेही मला त्या स्टुलाशेजारी उभं असताना आठवलं.

बाईंनी पर्समधून एक फोटो काढला. हीच गाडी, आणि तिच्या बंपरला टेकून उभा असलेला एक लुकडा पोरगा, टोपी डोळ्यांवर आलेली. बंपरवरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. तोच नंबर मी रंगाच्या पाच थरांखालून शोधून काढला होता आणि परत रंगवला होता. त्याबद्दल वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, आणि त्या दोन ओळी वाचूनच बाई इथवर आल्या होत्या. "माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "तो अडखळायचा. बोलताना. लहानपणापासून. बाबा त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. ओरडायचे वगैरे नाहीत हं. नुसतं 'पुढे?' म्हणायचे. तेवढं ऐकलं की ह्याची वाचाच बसायची. म्हणून तर त्याने वायरलेस घेतलं. मोर्समध्ये काय, बोटानं बोलायचं. बोट कुठे अडखळतंय? पण तिकडे सरहद्दीवर गेल्यावर तोंडानेही निरोप द्यावे लागले. मग त्याने युक्ती काढली. उजव्या हातात माईक, डाव्या हातात खिळा. बोलायला लागला की कुणाला दिसणार नाही असा टेबलाखाली पत्र्यावर खिळा ओढायचा. खिळा चालू राहिला की जीभ चालू राहते, असं लिहिलं होतं त्यानं मला. एक निरोप, एक रेघ."

मी वाकून टेबलाखालच्या माझ्या गुळगुळीत रंगाकडे बघितलं.

"शंभर निरोप झाले की सुट्टी मागणार होता," बाई म्हणाल्या. "घरी येऊन बाबांशी बोलणार होता. माझ्यासाठी. मला नर्सिंगला जायचं होतं आणि बाबा ऐकत नव्हते. आईची तर छाती नव्हती त्यांच्यापुढे तोंड उघडायची. हा लिहायचा, ताई, शंभर होऊ देत, मग बघ, मी बाबांसमोर उभा राहून पूर्ण वाक्य बोलतो की नाही."

"मग?"

"मग गाडी परत आली. तो आला नाही." त्यांनी फोटो पर्समध्ये ठेवला, चेन लावली. "बाबांनी त्याच वर्षी माझं लग्न लावून दिलं. संसार झाला, चांगला झाला, ते सोडा. मला एवढंच बघायचं होतं, किती झाल्या होत्या."

ह्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रेघा पुट्टीखाली असतील. मी काढतो. पुढच्या रविवारी माझ्या शेडवर याल का?" हे खोटं नव्हतं. फक्त त्यात ग्राइंडर नव्हता. बाईंनी पत्ता लिहून घेतला आणि गाडीतून उतरताना माझा हात धरला, तोच अंगठा असलेला.

घरी बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "थोरलीचं कौतुक झालं का मनासारखं?" थोरली म्हणजे गाडी. बायको स्वतःला धाकटी म्हणवते. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि गाडीला सात, पण मान तिला आधी आहे असं तिचं म्हणणं. एरवी मी ह्यावर काहीतरी परतफेड करतो. त्या दिवशी मी बूट न काढता खुर्चीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं, ग्राइंडरसकट. ती औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोक तिला नको त्या गोष्टी सांगत असतात, त्यामुळे तिला ऐकता येतं. ऐकून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "आणि पुढचा रविवार म्हणजे तुमच्या स्पर्धेचाच ना?" स्पर्धेचाच. आजचं नुसतं लोकांसाठी होतं. परीक्षक पुढच्या रविवारी येणार होते, हातात पुस्तक आणि बॅटरी घेऊन, आणि गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी आहे की नाही हे इंच इंच बघणार होते. सात वर्षं मी त्या रविवारसाठी काढली होती. एका भिंतीचा रंग उतरवलेली गाडी त्यांनी फाटकातूनच परत पाठवली असती. मी म्हणालो, "हो, तोच." आणि मला आश्चर्य वाटलं ते ह्याचं की ठरवायला मला वेळ लागलाच नाही. एरवी मी चहात साखर किती ह्यावरही घोळ घालणारा माणूस. बायकोने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि ती पानं घ्यायला गेली.

सोमवारी सकाळी सहाला मी शेडवर होतो. शेड म्हणजे एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातली एक खोली, उन्हाळ्यातही भिंती गार. आधी ब्रशने रंग उतरवायचं औषध लावलं, रंग सुरकुतला, तो कापडाने टिपून घेतला. मग पुट्टी. ही माझीच पुट्टी, माझ्याच हाताने दाबून दाबून भरलेली, आणि मी काम पक्कं करतो ह्याची मला पहिल्यांदा चीड आली. लोखंडी टोकाने काढली असती तर तासाभराचं काम होतं, पण मऊ पत्र्यावर त्या टोकाने माझ्याच रेघा पडल्या असत्या आणि मग कुठली कुणाची हे देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून लाकूड. लाकडी काड्या चाकूने टोकदार करायच्या, एकेका काडीने दोन बोटं लांब रेघ मोकळी होते, मग टोक बोथट होतं, मग दुसरी काडी. स्टूल काढून टाकून मी जमिनीवर आडवा पडलो होतो, मान टेबलाच्या पायाला लावून, कपाळावर दिवा बांधून. पावणेनऊला पहिली रेघ पूर्ण दिसली. वीतभर लांब, जवळजवळ सरळ, शेवटी जराशी वर गेलेली. मी तिच्यावर अंगठा ठेवला आणि अंगठ्याला ती ओळखीची वाटली. ह्या अंगठ्याला सात वर्षांपूर्वी सगळं कळलं होतं, त्याने मला सांगितलंही होतं, आणि मी म्हणालो होतो की गप्प बस. कामावर जायला उशीर झाला.

काम म्हणजे, मी कवळ्या करतो. दंतवैद्य तोंडात बघतो, साचा घेतो, आणि पुढचं सगळं माझ्या टेबलावर होतं. चौतीस वर्षं झाली. हजारो माणसं माझ्या दातांनी हसतात आणि मी रस्त्यात त्यांना ओळखत नाही. ह्या धंद्यात खोटं खऱ्यासारखं दिसावं लागतं, आणि खरं कधी नीटनेटकं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि कवळीतही ती तशीच हवी, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद वाचला आणि फट भरून टाकली. मला वाटलं, म्हातारा लाजतोय, चांगले दात मागायला संकोच वाटतोय त्याला. आठवड्याने ते परत आले, कवळी रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "सुंदर आहे, पण हे तोंड माझं नाही. मला शीळ घालता येत नाही ह्यातून." ते एक वाक्य इतकी वर्षं माझ्या टेबलावर आहे. मग मी दात जरा वाकडे बसवायला शिकलो, एखाद्याला चहाचा पिवळेपणा द्यायला शिकलो, आणि लोक म्हणायला लागले की ह्याच्या हातात जादू आहे. पण दातांत शिकलेलं गाडीत काही उतरलं नाही. गाडीत मी तोच राहिलो, फट दिसली की भरणारा. दुपारभर मी एका बाईची खालची कवळी घासत बसलो होतो आणि डोळ्यांसमोर पत्रा होता.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज सहा ते नऊ. मान अवघडून दगड झाली. रेघा एकीखाली एक येत गेल्या. काही वीतभर, काही बोटभर, एक तर हात लांबवूनही संपेना. निरोपच तेवढा लांब असणार. मी कोण काय बोललं असेल ह्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं आणि तोच विचार करत होतो. पाणी पाठवा. रस्ता बंद आहे. दोन माणसं जखमी. एखाद्या विशीतल्या पोराने हे बोलायचं, कानात खरखर, पलीकडे कुणीतरी वाट बघतंय, आणि ह्याचा जीव सगळा डाव्या हातातल्या खिळ्यात. काही रेघांमध्ये मध्येच बारीक खड्डे लागत होते, टाचणीच्या डोक्याएवढे. खाराचे. अ‍ॅल्युमिनियमला खार धरला की असे खड्डे पडतात, ह्या विषयावर मी मंडळात दोनदा भाषण दिलेलं आहे. ते बुजवून वरून हलका हात फिरवला की रेघा कशा स्वच्छ दिसल्या असत्या. हात शिवशिवला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला, अक्षरशः. ह्या पत्र्यात आता मी काही भरणार नव्हतो.

गुरुवारी एकसष्टावी रेघ मोकळी झाली आणि तिच्या खाली काही नव्हतं. रंग उतरवला, प्रायमर उतरवला, खाली चकचकीत उघडा धातू. दिवा तिरका धरून बघितलं. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासून बघितली. वरच्या रेघा कागदावर पांढऱ्या उमटल्या, खाली नुसतं काळं. ग्राइंडरने त्याचं काम चोख केलं होतं. मी पट्टी घेऊन वरच्या रेघांमधलं अंतर मोजलं, खालच्या जागेत त्या हिशेबाने किती मावतील ते मांडलं. चाळीस, फार तर पंचेचाळीस. किंवा एकही नसेल, नुसता खार असेल. मी डोळे मिटून ती सात वर्षांपूर्वीची दुपार परत आणायचा प्रयत्न केला. उकाडा आठवला, ग्राइंडरचा आवाज आठवला, तोंडाला बांधलेल्या फडक्याचा वास आठवला. खाली रेघा होत्या की नव्हत्या हे आठवलं नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

त्याच सकाळी कर्नल टपकला. कर्नल म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर त्याने विम्याच्या पॉलिसी विकल्या, लष्कराशी त्याचा संबंध जीपचे टायर बदलण्यापुरता, पण मिशा अशा ठेवल्यात की खरे कर्नल त्याला सलाम ठोकतील. तो आत डोकावला आणि उघड्या पत्र्याकडे बघून त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? तीन दिवसांवर परीक्षक!" मी त्याला सगळं सांगितलं. तो मनाने वाईट नाही. बाहेर काढलेल्या स्टुलावर बसून त्याने मिशी ओढली आणि म्हणाला, "मग शंभर करून टाक की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? अख्ख्या गावाला दात करून दिलेस, एकोणचाळीस रेघा जमणार नाहीत तुला? म्हातारीने पन्नास वर्षं वाट बघितली. येईल, मोजेल, शंभर भरतील, समाधानाने घरी जाईल. कुणाचं काय जातंय? पुण्य लागेल तुला."

मी त्याला हाकलला नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण शुक्रवारी सकाळी मी गाडीच्याच जुन्या पत्र्याचा एक तुकडा घेतला, गंजका खिळा शोधला, आणि डाव्या हाताने रेघा ओढायला बसलो. पहिल्या चार-पाच नवशिक्या आल्या. मग हात बसला. काही लांब, काही आखूड, शेवटी जराशा वर जाणाऱ्या. सोड्याच्या पाण्याने धुतल्या, तेल आणि काजळी चोळून पुसल्या, त्यांना पन्नास वर्षं वय आलं. एकोणचाळीस. मी त्यांच्याकडे बघितलं आणि क्षणभर मला नुसता आनंद झाला, हाताचं काम जमल्याचा असतो तो, त्याला बरंवाईट कळत नाही. बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला: बोट फिरतंय, ओठ हलतायत, शंभर. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं असतं. मी ग्राइंडर कधी लावलाच नव्हता असं झालं असतं.

शनिवारी दुपारी बायको डबा घेऊन शेडवर आली. वर्षातून एकदा येते ती, तेही थोरलीची खबरबात घ्यायला म्हणून. मी तिला आधी गाडीतल्या रेघा दाखवल्या. तिने बोट लावलं नाही, हात मागे बांधून वाकून बघितल्या. मग मी तो तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उजेडात नेला, उलटसुलट केला.

"ह्यातल्या त्याच्या कुठल्या?" तिने विचारलं.

"एकही नाही. सगळ्या माझ्या."

"अगंबाई! कळत नाही हो काहीच." ती खरंच चकित झाली होती आणि मला खरंच बरं वाटलं. मग तिने तुकडा टेबलावर ठेवला, डब्याचं झाकण काढलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई मोजत असताना तुम्ही कुठे बघणार?"

मी उत्तर शोधायला लागलो. तबकडीकडे बघता आलं असतं. दाराबाहेर बघता आलं असतं. काहीतरी पुसत बसता आलं असतं. माझ्या हातात फडकं कायम असतं. मी प्रत्येक जागी स्वतःला उभं करून बघितलं आणि प्रत्येक जागी मला तो आकडा बाईंच्या तोंडून ऐकू येत होता. एकसष्टपर्यंत त्यांच्या भावाचा आवाज असता आणि त्याच्यापुढे माझा, आणि त्यांनी दोन्हींवरून सारख्याच मायेने बोट फिरवलं असतं. मी तुकडा उचलला आणि मोठ्या कात्रीने त्याच्या बोटभर पट्ट्या केल्या, सगळ्या, हात भरून येईपर्यंत. बायको म्हणाली, "आधी जेवून तरी घ्यायचं." मग मी कर्नलला फोन करून स्पर्धेतून नाव काढायला सांगितलं. तो पाच मिनिटं बोलला. मी म्हणालो, "ठरलंय," आणि तो आणखी पाच मिनिटं बोलला. मी परत म्हणालो, "ठरलंय."

रविवारी बाई अकराला आल्या, आज काठी घेऊन. मी त्यांना शेडच्या दारातच थांबवलं, कारण एकदा आत गेलो असतो तर माझी जीभही बसली असती. "आधी एक सांगायचंय," मी म्हणालो. "पत्र्याचा वरचा भाग मी पुट्टीने भरला होता. तो मोकळा केलाय. खालचा भाग मी त्या वेळी मशीनने घासून काढला. तिथे आता काही उरलेलं नाही. मागच्या रविवारी हे मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

त्यांनी विचारलं, "किती उरल्यात?"

"एकसष्ट."

"आणि होत्या किती?"

"माहीत नाही. मी बघितलं नाही. खाली चाळीसेक मावतील एवढी जागा आहे."

"म्हणजे शंभर असतीलही."

"असतील. नसतीलही."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही काय करता? म्हणजे हे सोडून."

"कवळ्या करतो. खोटे दात."

"मग भरता आल्या असत्या तुम्हाला."

"आल्या असत्या. एका तुकड्यावर करूनही बघितल्या. मग तो कापून टाकला."

"शंभर करणार होतात?"

"हो. तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"बरं?" बाईंचा आवाज एकदम चढला. "अहो, शंभर भरल्या असत्या तर मला काय वाटलं असतं? शंभर झाल्या, आणि तरी त्यानं सुट्टी मागितली नाही. माझं बोलायची वेळ आली आणि कच खाल्ली. हे घेऊन मी मेले असते." मी उभा होतो तिथे माझे कान तापले. पाच दिवस मी त्यांच्या सुखाचा विचार करत होतो आणि हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं; कुठल्या आकड्यात त्यांचं सुख आहे हे मी आपलं ठरवूनच टाकलं होतं, मास्तरांच्या फटीसारखं. "घासलंत त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही," बाई म्हणाल्या.

"नका करू."

"नाहीच करणार. कुठे आहेत, दाखवा."

मी त्यांना हात देऊन गाडीत चढवलं. त्या स्टुलावर बसल्या, काठी सेटला टेकवली, आणि डावा हात टेबलाखाली घातला. मी दिवा देऊ केला तर मानेनेच नको म्हणाल्या. बोट पहिल्या रेघेवर गेलं, सावकाश पुढे सरकलं आणि थांबलं. "इथे अडला," त्या म्हणाल्या. जरा पुढे सरकून परत थांबल्या. "इथे. इथे परत." मी म्हणणार होतो की तो खार आहे, अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि ते माझ्या तोंडातच विरलं. खिळा थांबला की तो एका जागी दाबला जातो. पोरगा शब्दावर अडला की जोर सगळा खिळ्यावर यायचा. खाराने एवढी बरोबर रेघेवरच जागा कशी धरली असती? मी चार सकाळी ते खड्डे बघितले होते, आणि बुजवायला निघालो होतो. "ह्यात दोनदा," बाई सांगत होत्या, "ह्यात तर बाई, तीनदा. 'म'वर असणार. 'म'वर फार व्हायचं त्याचं." त्या हसल्या. अशा बहिणी हसतात भावाला, तो समोर बसलेला असल्यासारख्या. बोट खाली खाली येत गेलं. पंधराव्या, सोळाव्या रेघेपासून त्यांचं थांबणं कमी झालं. चाळीसच्या पुढे दोनदाच थांबल्या. शेवटच्या अकरा रेघांत बोट एकदाही थांबलं नाही. मग ते उघड्या धातूवर घसरलं आणि तिथे काही नसताना बराच वेळ फिरत राहिलं. मी त्यांच्याकडेच बघत होतो. दुसरीकडे कुठे बघावं असं मला वाटलं नाही.

"किती झाल्या ते नाही कळायचं आता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पण बोलला असता."

"हो," मी म्हणालो. "बोलला असता."

बाईंनी हात काढला नाही. बोट माघारी आणून एकसष्टाव्या रेघेच्या सुरुवातीला ठेवलं, पाठ सरळ केली, आणि समोर कुणीतरी बसलं असावं तशी नजर धरून, बोट न उचलता, संथ लयीत म्हणाल्या, "बाबा, ताईला नर्सिंगला जायचंय. तिला जाऊ द्या." वाक्य संपलं तिथे रेघही संपली. मध्ये कुठेही अडलं नाही.